काळ्या मातीतला दगडी गडगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गणपतीत आरती झाली की मंडळी प्रसादाची वाटी घेऊन मागच्या अंगणात येतात, गडग्यावर टेकतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झाली, म्हणून शेवटी लिहूनच काढली. वीस फूट लांब, तीन फूट उंच, मध्ये एक वळण, एवढाच आमचा इंदूरचा गडगा. तो मी दोनदा बांधलाय. पहिला पडला. खाली जे काही शहाणपण दिसेल ते बहुतेक त्या पडलेल्याकडून आलेलं आहे.

गडगा म्हणजे नेमकं काय? सिमेंट नाही, चुना नाही, मग उभा कशावर राहतो?

दगडावर दगड रचून, मध्ये सिमेंट-चुना न भरता केलेली भिंत. माझं आजोळ कोकणातलं, तिकडे आगराच्या कडेनं अशी भिंत असते आणि तिला गडगा म्हणतात. आमच्या घरात तोच शब्द राहिला.

उभा राहतो तो वजनावर आणि घर्षणावर. बाहेरून एक भिंत दिसते, पण आत दोन असतात, एकमेकींकडे जराशा झुकलेल्या. दोघींच्या मधल्या जागेला मी पोट म्हणते. त्या पोटात छोटे दगड एकेक करून ठासून बसवलेले असतात. वरचा दगड खालच्या दोघांना दाबतो, ते दोघं त्यांच्या खालच्यांना, आणि हे सगळं वजन पायापर्यंत वाटून जातं. पोट रिकामं राहिलं की दोन्ही भिंती आत बसायला लागतात, मग बाहेर फुगतात, मग एके रात्री येतात खाली.

इंदूरच्या काळ्या मातीत हे टिकतं का?

टिकतं, पण निम्मं काम जमिनीखाली आहे. माळव्याच्या मातीला इथली म्हण ‘गहन गंभीर’ म्हणते. गव्हाला असेल गंभीर, पायाला ती भारी चंचल आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. ते पाणी आपल्या पातळ पापुद्र्यांमध्ये ओढून घेतं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. इंदूरला वर्षाला साधारण ९५ ते १०० सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे माती चार महिने फुगणार आणि उरलेले महिने चिरत राहणार. एका मेमध्ये जांभळाखालच्या भेगेत मी लेकीची फूटपट्टी उभी घातली. ती पूर्ण आत गेली, बाहेर काढायला पक्कड लागली.

पहिल्या वेळी मी वीतभर खणलं, वाळू पसरली आणि वर रचाई सुरू केली. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये मधला भाग पुढे आला, पोट सुटावं तसा. घरच्यांना दाखवलं तर म्हणाले, छान गोलाई आलीय. आठवड्याभरानं रात्री पावसात धडधड आवाज झाला आणि सकाळी मोगऱ्याचा वाफा दगडांखाली होता. झाबुआकडचे एक काका शेजारच्या बांधकामावर होते. त्यांनी येऊन ढिगाऱ्यात हात घातला, मूठभर माती काढली आणि म्हणाले, “पेट खाली था इसका. और नीचे तो कटोरा बना दिया आपने.”

कटोरा म्हणजे ती वाळू. काळी माती पाणी लवकर सोडत नाही. तिच्यात चर खणून वाळू भरली की पावसाचं पाणी त्या चरात येऊन बसतं आणि पायाखालची माती आठवडे न् आठवडे भिजत राहते.

दुसऱ्या वेळी असं केलं. चर अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल. चराचा तळ एका टोकाकडे उतरता ठेवला, वीस फुटांत सुमारे तीन इंच, आणि त्या टोकाला पाणी निघून जाईल अशी गिट्टीची, म्हणजे खडीची, वाट बागेच्या खालच्या अंगाला काढून दिली. तळाचे सव्वा फूट मुरूम भरला, पण एकदम ओतून नव्हे. पाच-पाच इंचांचा थर टाकायचा, वर पाणी शिंपडायचं, धुमसानं ठोकायचं, पाय रुतत नाही इतका घट्ट झाला की पुढचा थर. उरलेल्या नऊ इंचांत पायाचे मोठे दगड.

खणताना खाली मुरूम किंवा पक्की पिवळी जमीन लागली तर तुमचं नशीब, तिथं थांबा. काही कॉलन्यांत काळी माती पुरुषभर खोल असते, तिथं तळ शोधत बसू नका. दोन फूट काढा, मुरूम भरा आणि पाणी लांब ठेवा. गच्चीचा पाइप पायाशी सोडू नका, रोज पाणी लागणारा वाफा भिंतीला चिकटून करू नका. त्यातूनही भिंत थोडी हलणारच. सिमेंटची भिंत हलली की तिला तडा जातो. गडगा अर्धा इंच बसतो, दगड एकमेकांशी नव्यानं जुळवून घेतात आणि काम चालू राहतं. काळ्या मातीत मी याच गुणापायी गडगा निवडला.

दगड कोणता घ्यावा?

इथला काळा दगड, बसाल्ट. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा खडक झाला, माळव्याचं पठारही त्याचंच. राजस्थानचा वालुकाश्म दिसायला गोड असतो आणि त्याचे चपटे तुकडे रचायलाही सोपे, पण इतक्या लांबून आणायचा तर भाडंच दगडाच्या वर जातं.

बसाल्ट घेताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आकार. शेतातून निघालेले गोल गोटे नकोत. बसाल्ट जमिनीत झिजतो तेव्हा त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोटा उरतो. त्याला बूड नसतं, खाली कितीही चिपा (दगडाच्या पातळ कपच्या) लावा, तो वळतोच. खाणीतला फोडलेला दगड घ्या, त्याला निदान दोन सपाट अंगं मिळतात. दुसरी, जात. हातोडीनं ठोकून ऐका. खणखणीत वाजला तर घ्या. थप्प वाजला, किंवा अंगावर पिवळट-तपकिरी साल असून ती नखानं सुटत असेल, तर तो दोन-चार पावसाळ्यांत कुजका होतो. भोकाभोकांचा, पांढऱ्या दाण्यांचा दगडही येतो. त्यातला काही टणक असतो, काही हातात चुरा होतो, म्हणून प्रत्येकाला ठोकून बघायचं.

एक सांगायचं राहिलं. ट्रॉली रिकामी होताना समोर उभ्या राहा. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात माल पडला. वर जे चपटे, देखणे दगड मी बघून पसंत केले होते ते तेवढेच होते, खाली सगळे बोल्डर. पैसे आधीच दिले होते. ते बोल्डर आजही पेरूच्या बुंध्याभोवती बसलेत, पाहुण्यांना वाटतं मुद्दाम केलंय.

नदीतून किंवा माळावरून दगड उचलून आणले तर?

नका आणू. दगड, मुरूम, वाळू हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय काढणं आणि वाहणं गुन्हा आहे. खाणीवाल्याकडून घेतानाही रॉयल्टीची पावती मागा. जुनं घर पाडतायत असं कळलं तर मात्र धावत जा. जुन्या जोत्याचा दगड घडवलेला असतो, त्यासारखा दगड आता विकत मिळत नाही.

किती दगड लागेल?

आमचा हिशेब देते, तुमच्या लांबीनं बदला. भिंत तीन फूट उंच, बुडाला दोन फूट, माथ्याला सव्वा फूट रुंद. सरासरी रुंदी साधारण १.६ फूट, म्हणजे वीस फुटांना जवळजवळ ९८ घनफूट. जमिनीखालचा पाया सव्वादोन फूट रुंद आणि पाऊण फूट उंच, तो ३४ घनफूट. दोन्ही मिळून १३० च्या आसपास. ट्रॉलीत दगड सैल पडलेला असतो, भिंतीत ठासून बसतो, आणि थोडा वाया जातो, म्हणून दीडशे ते पावणेदोनशे घनफूट मागवा. महाराष्ट्रातले पाहुणे विचारतात किती ब्रास, तर शंभर घनफुटांचा एक ब्रास, करा भागाकार. इकडे ट्रॉलीच्या भावानं बोलतात आणि सगळ्या ट्रॉल्या सारख्या नसतात. टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची मोजा, विकणाऱ्याला राग येत नाही.

एक घनफूट सलग बसाल्टचं वजन ८० किलोच्या घरात जातं. आमच्या भिंतीत सात-साडेसात टन दगड आहे. तो सगळा तुम्ही निदान दोनदा उचलणार, हे आधी मनाशी ठेवा.

हत्यारं कोणती? दुकानात काय म्हणून मागायची?

हा प्रश्न पुण्याहून इकडे आलेल्या सुना विचारतात. कुदळ मागितली तर दुकानदार बघत बसतो, गेंती म्हणा. घमेलं म्हणजे तगारी, पहार म्हणजे सब्बल, ओळंबा म्हणजे साहुल, धुमस म्हणजे दुरमुट, छिन्नी म्हणजे छेनी. फावड्याला फावडाच म्हणतात. याशिवाय दोन किलोची हातोडी, एक घण, सुतळी, चार सहा-फुटी लोखंडी सळया, जाड चामड्याचे हातमोजे, पुढे टोपी असलेले बूट आणि चश्मा. छिन्नीखालून बसाल्टची जी कपची उडते ती काचेसारखी असते, त्यामुळे चश्म्याशिवाय दगड फोडायचा नाही. हे मी लेकीला दरडावून सांगते, तुम्हालाही तसंच समजा.

रचायचा कसा?

आधी दगड पसरा. ढिगातून ओढून ओढून बसवायला गेलात की वेळही जातो आणि बोटंही. पायासाठी मोठे वेगळे, माथ्यासाठी चपटे वेगळे, भिंतीच्या आरपार जातील असे लांब वेगळे, पोटासाठी मुठीएवढे वेगळे, चिपा एका तगारीत. हे सगळं चराच्या दोन्ही बाजूंना, पण चरापासून दीड हात लांब. मध्ये तुम्हाला चालायचं आहे.

दोन्ही टोकांना दोन-दोन सळया ठोका, आत झुकत्या. बुडाशी त्यांच्यात दोन फूट अंतर, तीन फुटांवर सव्वा फूट. म्हणजे प्रत्येक बाजू तीन फुटांत साडेचार इंच आत येते. या सळयांना सुतळी बांधायची आणि प्रत्येक थराला ती वर सरकवायची. सुतळीला दगड टेकू द्यायचा नाही, केसभर आत ठेवायचा. टेकला की सुतळी ढकलली जाते आणि पुढचे सगळे दगड त्या चुकीच्या रेषेवर बसतात. वळण असेल तिथं सुतळी उपयोगाची नाही, दर दोन फुटांवर एक सळई ठोका आणि डोळ्यानं बघा.

आता एक दगड. हातात घेतला की त्याचं बूड शोधायचं, म्हणजे सगळ्यात सपाट अंग. ते खाली. मग लांबी शोधायची, ती भिंतीच्या आत. इथंच सगळे चुकतात, मीही चुकले होते. लांब दगड दिसला की त्याची लांब बाजू दर्शनी ठेवायचा मोह होतो, कारण भिंत भराभर पुढे सरकते. पण मग तो फळीसारखा कडेला उभा राहतो, आत त्याला धरायला काही नसतं. तोंड छोटं दिसलं तरी चालेल, शेपूट आत गेलं पाहिजे.

दगड ठेवला की दोन्ही तळवे टेकवून चारही बाजूंनी हलवून बघा. डुगडुगला तर उचला, फिरवा, परत ठेवा. तीन वेळा फिरवूनही नाही बसला तर बाजूला ठेवा, पुढे कुठं तरी त्याची जागा निघते. थोडाच डुगडुगत असेल तर चीप लावा, पण मागून, पोटाच्या बाजूनं. बाहेरून मारलेली चीप उन्हापावसात सैल होते आणि एक दिवस गळून पडते, मग वरचा दगड मोकळा. काका म्हणायचे, चीप दिसली म्हणजे चोरी पकडली गेली.

दोन दगडांमधला सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. गवंडी याला सांधमोड म्हणतात. खालच्या दोन दगडांवर वरचा एक, त्याच्या शेजारी पुन्हा तसंच. सांधे एका ओळीत आले की तिथून भिंत वहीच्या पानासारखी उघडते.

दोन्ही बाजूंचा एक थर झाला की पुढच्या थराआधी पोट भरायचं. पोट भरायचं म्हणजे तगारी उलटी करायची नाही. एकेक तुकडा हातानं, शेजारच्या दगडांच्या शेपटांमध्ये अडकेल असा. माती अजिबात नको. मातीनं पोट लगेच भरल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं. बारीक गिट्टीही नको, ती गोळ्यांसारखी घरंगळत खाली बसते आणि दोन्ही बाजूंना बाहेर ढकलते. माझ्या पहिल्या गडग्याच्या पोटात काय होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

दीड फूट उंची झाली की आरपार दगड. दर तीन फुटांवर एक, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. तिथं भिंत साधारण वीस इंच रुंद असते. वीस इंच लांब, नऊ रुंद, सहा जाड असा दगड पन्नास किलोच्या घरात भरतो, तो दोघांनी उचलायचा. इतका लांब मिळाला नाही तर दोन्ही बाजूंनी एकेक, पाऊण भिंतीपर्यंत आत जाणारा, शेजारी शेजारी, शेपटं एकमेकांच्या पुढे गेलेली. दोन बाजूंना बांधून धरणारे हेच.

माथ्याला चपटे, जड दगड, दोन्ही तोंडं झाकतील असे. हलके छोटे तुकडे वर ठेवू नका. त्यावर मांजरं चालतात, पोरं बसतात, आरतीची मंडळी टेकतात.

यूट्यूबवर बघून शिकता येईल का?

हात कसे चालतात ते दिसतं, तेवढं घ्या. कोरड्या रचाईची कला युनेस्कोनं २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांसाठी वारसा यादीत घेतली, तेव्हापासून व्हिडिओंना तोटा नाही. पण त्यातल्या पुष्कळांत थरांनी सुटणारा चपटा दगड असतो, पुस्तकं रचल्यासारखी भिंत होते. आपला बसाल्ट असा सुटत नाही, तो वाटेल तसा फुटतो. त्यामुळे तशी आडवी सरळ ओळ आपल्याकडे येत नाही, आली नाही म्हणून हिरमुसू नका. शिवाय तिकडच्या थंड भागांतल्या लोकांना पायाखालचं पाणी गोठण्याची काळजी, आपल्याला फुगणाऱ्या मातीची. पाया त्यांच्यासारखा करून उपयोग नाही.

बघायचंच असेल तर झाबुआ-अलीराजपूरच्या बाजूला जा. डोंगरउतारावरच्या शेतांना दगडी बांध घातलेले दिसतात. तिथल्या भिल्ल लोकांत हलमा म्हणून रीत आहे, कुणाचं काम अडलं की सगळं गाव मिळून करून देतं, मजुरी घेत नाही. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर पाणी अडवायला हजारो माणसांनी हलम्यातून चर खणले आहेत. शेजारच्या बांधकामावरचे ते झाबुआकडचे काका एका रविवारी माझ्याकडे असेच आले, पैसे घेईनात. शेवटी पोहे आणि जिलबी घेतली.

एकटीनं जमेल का? किती दिवस लागतात?

चर खणायला आणि मुरूम ठोकायला दोन माणसं दोन दिवस लावली. रचाई मी आणि लेकीनं केली. संक्रांतीनंतर सुरुवात, रंगपंचमीच्या आदल्या रविवारी माथा. एका रविवारी दर्शनी सात-आठ चौरस फूट व्हायची, त्यातही पहिले दोन रविवार फक्त पाया. कसबी माणूस याच्या कितीतरी पट करतो.

पाठीची काळजी घ्या. दगड गुडघ्यांतून उचलायचा, पोटाजवळ धरायचा, कमरेतून वळायचं नाही, पावलं वळवायची. मोठा दगड उचलूच नये, फळीवरून पहारीनं सरकवावा. आणि उन्हाळ्यात हे काम घेऊ नका. एप्रिलमध्ये अकरा वाजता काळा दगड तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात काळी माती बुटाला पाच पाच किलो चिकटते. दिवाळी ते होळी, हाच काळ.

कोपरा आणि टोक कसं करायचं?

सगळ्यात चांगले, चौकोनी दगड टोकांसाठी राखून ठेवा. एका थराला लांब दगड भिंतीच्या दिशेनं, वरच्या थराला आडवा, परत लांब, असं एकाआड एक. टोक सैल राहिलं की भिंत तिथून उसवते. ज्यांना चौकोनी दगड मिळत नाहीत त्यांनी कोपरा न करता गोल वळण घ्यावं, ते सोपं आणि बसायलाही छान.

मागे माती अडवायची आहे. तोच गडगा चालेल?

रचाई तीच, हिशेब वेगळा. मागे काळी माती असेल तर ती नुसती रेलत नाही, पावसात फुगून ढकलते. भिंतीच्या पाठीला लागून निदान नऊ इंच ते फूटभर गिट्टीचा पट्टा ठेवा आणि गिट्टी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं, कापड घाला. नाहीतर माती गिट्टीत शिरून दोन वर्षांत सगळं बुजतं. बुडाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त, पुढचं तोंड तीन फुटांत सहा इंच मागे झुकलेलं, दगडांची बुडं आतल्या बाजूला किंचित उतरती. दगडांच्या फटीतून पाणी आपोआप निघतं, सिमेंटच्या भिंतीत त्यासाठी पाइप ठेवावे लागतात आणि ते तुंबतात. चार फुटांच्या वर जायचं असेल तर माझ्यासारखीला विचारू नका, इंजिनिअर बोलवा.

थोडं सिमेंट लावलं तर जास्त मजबूत नाही का होणार?

नाही. भिंत एक तर कोरडी असावी किंवा पूर्ण बांधीव. तोंडावरच्या फटी सिमेंटनं भरल्या की आतलं पाणी आत अडकतं, आणि भिंत हलली की सिमेंटचे तुकडे दगडाची कड घेऊन सुटतात. बांधीवच करायची तर खाली पक्का पाया घालून करा, तो वेगळा धंदा.

आमचा असा राजवाड्यासारखा दिसेल का?

तीन जणांनी तरी विचारलंय, म्हणून लिहिते. राजवाडा म्हणजे इंदूरचा होळकरांचा वाडा. त्याचे खालचे तीन मजले घडीव दगडाचे आहेत आणि वरचे चार लाकडाचे. घडीव दगड म्हणजे छिन्नीनं अंगं सरळ केलेला. आपला दगड जसा फुटला तसा. आपला गडगा फार तर राजवाड्याच्या घोड्याच्या पागेच्या कुंपणासारखा दिसेल, आणि बागेत तेच शोभतं.

फटींत साप-विंचू होणार नाहीत का?

विंचू, पाली, सापसुरळ्या, बेडूक येतात. साप अन्नाच्या मागे येतो, म्हणजे उंदीर-बेडकांच्या. भिंतीजवळ पक्ष्यांचे दाणे, कोंबड्यांचं खाद्य, कचरा, लाकडाचा ढीग ठेवू नका. घराच्या दारापासून आणि खेळण्याच्या जागेपासून गडगा लांब असावा. आमचा पंधरा फुटांवर आहे. पायथ्याशी गवत माजू देऊ नका.

धोका तयार भिंतीपेक्षा काम चालू असताना जास्त. पडून राहिलेल्या ढिगातला दगड बोटं खाली घालून उचलायचा नाही, आधी पहारीनं उलटायचा. आम्हाला एका सकाळी दोन विंचू मिळाले, दोन्ही गोणपाटाखाली. मण्यार रात्री फिरते आणि फटीत दडते, म्हणून अंधार पडला की काम बंद. साप दिसलाच तर लांब राहा आणि सर्पमित्राला फोन करा. चावला तर मंत्र-तंत्र, चिरा-चोखणं काही नाही, हात-पाय न हलवता सरळ मोठ्या दवाखान्यात.

फटींत काय लावता येईल?

पानफुटी, कोरफड, ऑफिसटाइम, सावलीच्या अंगाला हंसराज. रचतानाच फटीत मूठभर मातीसकट रोप घातलं तर चांगलं धरतं, नंतर घुसवलेलं बरंच मरतं. पोटात माती नको म्हटलं होतं, ते विसरू नका, ही मूठ फक्त तोंडाशी. न लावता जे उगवतं ते पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, पहिल्या वर्षी दोन गोंडस पानं दिसतात. तेव्हाच ओल्या मातीत मुळासकट उपटा. सासूबाई पिंपळ तोडू देत नाहीत, म्हणून आम्ही उपटून कुंडीत लावतो. सध्या चार कुंड्या आहेत आणि कुणी घेऊन जात नाही.

खर्च आणि परवानगी?

खर्चात दगडापेक्षा वाहतूक आणि मजुरी भारी पडते, आणि भाव दर मोसमाला बदलतात, म्हणून आकडा देत नाही. दोन-तीन ठिकाणी ‘घरपोच किती’ असं विचारा, नुसता दगडाचा भाव विचारू नका. परवानगीचं म्हणाल तर स्वतःच्या बागेच्या आत, हद्दीपासून दूर असेल तर आम्हाला कुणी काही विचारलं नाही. हद्दीवर किंवा रस्त्याला लागून असेल तर नगर निगममध्ये विचारून घ्या, आणि त्याही आधी शेजाऱ्यांना.

भिंत फुगायला लागली हे कसं ओळखायचं, आणि मग काय?

माथ्याच्या कडेला डोळा लावून लांबीच्या दिशेनं बघा. संध्याकाळी ऊन तिरपं असताना फुगवटा सावलीनं दिसतो. ढकलून परत आत बसवता येत नाही, हे आधीच सांगते. आमच्या ह्यांनी पहिल्या वेळी पहारीनं रेटून पाहिलं होतं. फुगलेला तुकडा वरून उतरवायचा, दोन्ही बाजूंना हातभर जास्त, आणि परत रचायचा. दगड तेच, पैसे लागत नाहीत, एक रविवार जातो. उतरवताना थरांच्या क्रमानं जमिनीवर मांडून ठेवा, म्हणजे माथ्याचे दगड लांब, खालचे जवळ.

तयार झाल्यावर देखभाल काय?

पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आसपास, एकदा सगळ्या भिंतीवरून हात फिरवायचा. काठी घेऊन आधी फटी ठोकायच्या, मग हात. नवीन भिंत पहिल्या वर्षी बसते, त्यात काही चिपा सैल होतात. आमच्या दुसऱ्या गडग्यात पहिल्या दसऱ्याला पाच चिपा निघाल्या, सगळ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. यंदा एकच निघाली. ती लेकीनं मागून लावता येईना म्हणून बाहेरून मारली आहे, आणि आता जो येतो त्याला ती आधी तेवढी चीप दाखवते.